रडणारे मूल आणि ओली काच: डार्विनच्या पुस्तकातील एका छायाचित्राचे प्रकरण

चार्ल्स डार्विनचे माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावाविष्कारावरचे पुस्तक नोव्हेंबर 1872 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. त्यात छायाचित्रांचे सात फलक आहेत. पहिल्या फलकावर रडणाऱ्या मुलांची सहा चित्रे असून त्यांतले पहिलेच चित्र इतके बोलके आहे की बाकीची पाच नंतर आठवतही नाहीत. वर्ष-दीड वर्षाचे दिसणारे एक मूल डोळे गच्च मिटून, भुवया आक्रसून, तोंड पूर्ण उघडून भोकाड पसरते आहे. काढणारा होता ऑस्कर गुस्ताव्ह रेलँडर, मूळचा स्वीडिश आणि लंडनमध्ये स्थायिक झालेला स्टुडिओ छायाचित्रकार.

शंभराहून अधिक वर्षे हे चित्र क्षणचित्रणाचा एक आरंभीचा पराक्रम म्हणून दाखवले गेले. त्या काळच्या संथ काचेच्या प्लेटवर रडणारे मूल इतके स्पष्ट कसे टिपले, याचे कौतुक होत राहिले. विसाव्या शतकाच्या शेवटी फिलिप प्रॉजर या छायाचित्र-इतिहासकाराने दाखवून दिले की पुस्तकातले ते चित्र मुलाचे सरळ छायाचित्र नाहीच. रेलँडरने आधी काढलेल्या एका लहान छायाचित्रावरून खडूने मोठे रेखाटन केले गेले आणि त्या रेखाटनाचे छायाचित्र घेण्यात आले. डार्विनच्या वाचकांच्या हाती पडले ते हे दुसरे छायाचित्र.

याला फसवणूक म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. रेखाटनापर्यंत जाणारी वाट त्या काचेच्या तंत्रातूनच निघते आणि ती पायरीपायरीने पाहता येते. चूक झालीच आहे, पण ती वेगळ्या ठिकाणी आहे. त्या ठिकाणापर्यंत पोचायचे तर डार्विनला मुलांची छायाचित्रे मुळात का हवी होती इथपासून सुरुवात करावी लागेल.

लहान मुलेच का

चेहऱ्यावरचे भाव माणसाला शिकवावे लागतात की ते जन्मजात असतात, हा डार्विनचा प्रश्न होता. जन्मजात असतील तर ते जगभर सारखे दिसायला हवेत. म्हणून 1867 साली त्याने एक प्रश्नावली तयार केली आणि वसाहतींमध्ये राहणाऱ्या मिशनऱ्यांना, अधिकाऱ्यांना, डॉक्टरांना ती पाठवली. त्याच्याकडे 36 उत्तरे आली. त्यांतले एक आपल्या अगदी जवळचे आहे. मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, एच. अर्स्किन नावाचे गृहस्थ राहत होते. त्यांनी तिथल्या लोकांच्या चेहऱ्यांकडे लक्ष ठेवले. पण खात्रीचा निष्कर्ष काढणे फार अवघड आहे, असे त्यांना आढळले, कारण युरोपियन माणसासमोर इथले लोक सगळ्याच भावना झाकून ठेवत. डार्विनने हे पुस्तकाच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. साहेबासमोर नगरचा शेतकरी चेहरा कोरा का ठेवत असेल हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. डार्विनपुढे मात्र त्यामुळे अडचण उभी राहिली: मोठ्या माणसाचा चेहरा बघणाऱ्याप्रमाणे बदलतो.

तान्ह्या मुलाला असे झाकता येत नाही. प्रस्तावनेत डार्विन मुलांच्या निरीक्षणाला पहिले स्थान देतो, कारण त्यांच्या भावना विलक्षण जोराने आणि भेसळीशिवाय उमटतात. घरच्या मुलांवर त्याने स्वतः बारीक लक्ष ठेवले होते. एकदा त्याच्या कोटाच्या बाहीची कड 77 दिवसांच्या मुलाच्या उघड्या डोळ्याला चुकून लागली. त्या डोळ्यातून भरपूर पाणी आले, मूल जोरात किंचाळले, पण दुसरा डोळा जवळपास कोरडाच राहिला. हेच मूल 122व्या दिवशी जोरात रडले तेव्हाही अश्रू गालावर ओघळले नाहीत. ते 139व्या दिवशी पहिल्यांदा ओघळले. म्हणजे मूल आधी ओरडायला शिकते आणि डोळ्यांतून धारा लागतात त्या काही महिन्यांनी. ही नोंद वाचताना मला दरवेळी या माणसाच्या चिकाटीचे नवल वाटते. पोटचे पोर टाहो फोडत असताना दिवस मोजून ठेवणारा हा बाप होता.

या नोंदींवर त्याने एक स्पष्टीकरण उभारले. मूल जोराने किंचाळते तेव्हा श्वास जोरात बाहेर पडतो आणि डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुगतात. डोळ्यांना आधार मिळावा म्हणून भोवतालचे स्नायू आकसतात आणि डोळे घट्ट मिटतात. त्याच ओढीने वरचा ओठ उचलला जातो, ओठांचे कोपरे खाली खेचले जातात आणि तोंडाचा आकार जवळपास चौकोनी होतो. उट्रेख्टचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ डोंडर्स यांनी डोळ्यांच्या बाबतीत त्याला मदत केली. पण वाचकाला हे पटवायचे तर चौकोनी तोंड आणि मिटलेले डोळे दाखवायला हवे होते.

आधी त्याने थोर चित्रकारांची आणि शिल्पकारांची कामे पाहिली. काही अपवाद सोडता त्यांचा उपयोग झाला नाही, असे तो लिहितो. कलाकृतीचे मुख्य ध्येय सौंदर्य असते आणि चेहऱ्याचे स्नायू जोरात आकसले की सौंदर्य जाते. त्याला छायाचित्रे हवी होती ती यासाठी. फलकांबद्दलच्या एका तळटिपेत तो सांगतो की काही चित्रे मूळ निगेटिव्हवरून नव्हे, तर कागदी छायाचित्रांवरून पुन्हा छापावी लागली, म्हणून ती थोडी अस्पष्ट आहेत. तरीही त्या इमानी नकला आहेत आणि कितीही काळजीपूर्वक काढलेल्या कुठल्याही रेखाटनापेक्षा त्याच्या कामासाठी कितीतरी सरस आहेत. या प्रकरणात ही तळटीप सर्वात महत्त्वाचा कागद आहे. ती ज्या पुस्तकात आहे, त्याच पुस्तकातले सर्वात प्रसिद्ध छायाचित्र एका रेखाटनाचे निघाले.

काच ओली असेपर्यंत

डार्विनने रेलँडरला गाठले ते 1871 साली. त्या वेळी रेलँडरचा स्टुडिओ व्हिक्टोरिया स्ट्रीटवर होता. तो मुळात चित्रकार, रोममध्ये शिकलेला. 1853 मध्ये त्याने लंडनच्या निकोलस हेनमनकडून छायाचित्रणाचे धडे घेतले, तेही एका दुपारपुरते. तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून केलेल्या एका मोठ्या रूपकात्मक चित्रामुळे 1857 मध्ये त्याचे नाव गाजले आणि त्याची एक प्रत राणी व्हिक्टोरियाने घेतली. रस्त्यावरच्या बेघर पोराचे त्याचे प्रसिद्ध छायाचित्रही स्टुडिओत मांडणी करून घेतलेले आहे. अनेक काचा, नट, मांडणी यांतून एक खरे वाटणारे चित्र घडवण्यात त्याची हयात गेली होती. डार्विनने निवडलेला माणूस कोण होता हे ध्यानात ठेवले तर पुढचे समजायला सोपे जाते.

तंत्र होते ओल्या कलोडियनचे. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ते 1851 मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढची जवळपास तीस वर्षे जगभरच्या स्टुडिओंत तेच चालले. गनकॉटन, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस, ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की चिकट कलोडियन मिळते. त्यात आयोडाइड आणि ब्रोमाइडचे क्षार घालायचे. स्वच्छ घासलेली काच एका हातात आडवी धरून हे मिश्रण तिच्यावर ओतायचे, चारी कोपऱ्यांपर्यंत एकसारखे फिरवायचे आणि उरलेले बाटलीत परत ओघळू द्यायचे. थर जरा धरला की अंधाऱ्या खोलीत काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात काही मिनिटे बुडवायची. मग ओलीच प्लेट कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचे आणि लगेच अंधाऱ्या खोलीत पळायचे. थर वाळला की प्लेट निकामी होते. फेरस सल्फेटने प्रतिमा उमटवायची, हायपो किंवा पोटॅशियम सायनाइडने पक्की करायची, धुवायची, वाळवायची आणि वर व्हार्निश द्यायचे. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा.

आता समोर मूल बसले आहे अशी कल्पना करा. मोठ्या माणसाला सांगता येते की हलू नका. त्याच्या मानेमागे लोखंडी आधार लावता येतो. शांत मुलासाठीही एक युक्ती होती: आईने स्वतःला कापडाखाली झाकून घ्यायचे, खुर्चीसारखे बसायचे आणि मुलाला मांडीवर धरून ठेवायचे. जुन्या स्टुडिओ छायाचित्रांत मुलामागे चादरीचा एक विचित्र ढिगारा दिसतो, तो बऱ्याचदा आईच असते. रडणाऱ्या मुलापुढे या युक्त्या लुळ्या पडतात. ते अंग टाकते, मान फिरवते. आणि ते कधी रडेल हे कुणाच्या हातात नसते. प्लेट तयार होईपर्यंत गप्प झाले तर प्लेट वाया, आणि रडू लागल्यावर प्लेट तयार करायला घेतली तर ती होईपर्यंत रडणे ओसरलेले.

शिवाय कलोडियनला निळा आणि जांभळा प्रकाश चांगला दिसतो, लाल जवळपास दिसतच नाही. रडून लालबुंद झालेला चेहरा काचेवर आहे त्याहून काळसर उमटतो. डार्विनला हवे होते ते आकसलेले स्नायू, आणि नेमके तेच त्या काळसरपणात बुडायचे. प्रकाश कमी असला तर वेळ वाढवावी लागे, वेळ वाढवली की मूल हलायचे. रेलँडरबद्दल एक गोष्ट सांगतात की प्रकाश जोखायला तो मांजर जवळ ठेवायचा. तिच्या बुबुळाची फट बारीक असेल तर कमी वेळ द्यायचा, बाहुली मोठी दिसली तर लेन्सवर टोपण घालून सरळ फिरायला निघून जायचा. तेव्हा प्रकाशमापक नव्हता, ठोस मोजमाप नव्हते, आणि सगळा भरवसा छायाचित्रकाराच्या नजरेवर होता, हे तरी या गोष्टीतून नीट कळते.

एक सवलत मात्र मूल स्वतःच देते. जोरात रडताना एका टप्प्यावर ते श्वास सोडत तोंड तसेच उघडे ठेवते, काही क्षण चेहरा जणू गोठतो, आणि मग हुंदका येतो. ज्यांच्या घरात तान्हे मूल आहे त्यांना हा क्षण ठाऊक आहे. अनुभवी छायाचित्रकार टोपण काढणार ते याच क्षणी.

तेवढ्या वेळात काम व्हायचे तर आणखी एक गोष्ट लागते, आणि माझ्या मते या प्रकरणाची किल्ली तीच आहे. प्रतिमा लहान हवी. लहान प्लेटसाठी कमी नाभीय अंतराची, मोठ्या तोंडाची लेन्स वापरता येते. ती प्रकाश भरपूर घेते म्हणून वेळ कमी लागतो. प्रतिमा लहान असल्याने मुलाचे हलणेही काचेवर लहान होते आणि थोडी हालचाल खपून जाते. कार्ट द व्हिजिट नावाची जी छोटी छायाचित्रे त्या काळी घरोघर गोळा केली जात, त्यांचा कागद जेमतेम साडेपाच सेंटिमीटर रुंद आणि नऊ सेंटिमीटर उंच असे. मुलांचे फोटो त्या आकारात जास्त जमत यात नवल नाही.

लहान काचेवर मूल सापडले. आता ते मोठे करायचे होते, आणि तिथे तंत्र संपले.

काचेपासून खडूपर्यंत

त्या काळी कागदी प्रत काढायची तर निगेटिव्ह अल्ब्युमेन कागदावर, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर, दाबून उन्हात ठेवत. जेवढी काच तेवढेच चित्र. सूर्यप्रकाशावर चालणारी मोठी करायची यंत्रे होती, पण त्यांतून येणारी प्रत मऊ आणि धूसर असायची. म्हणून मोठ्या प्रतीवर ब्रश, पेन्सिल किंवा खडू चालवणे ही स्टुडिओंची नेहमीची रीत होती. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत भिंतीवर टांगलेल्या आजोबा-पणजोबांच्या मोठ्या फोटोंच्या मिशा आणि पगडीच्या घड्या बारकाईने पाहिल्या तर त्यांतही अनेकदा हाताचे काम सापडते. गिऱ्हाइकाला त्यात काही वावगे वाटत नसे.

रेलँडरच्या या चित्राची वाटचाल त्याच रीतीने झाली. लहान छायाचित्रावरून खडूचे मोठे रेखाटन, त्या रेखाटनाचे नवे निगेटिव्ह, आणि त्या निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या स्वच्छ प्रती. डार्विनचे फलक हेलिओटाइपने छापले गेले. या पद्धतीत जिलेटिनच्या थरावरून शाईने छपाई होते आणि छायाचित्रातल्या छटा बऱ्याच अंशी टिकतात. या छपाईमुळे रेखाटनाचा खडबडीतपणा छायाचित्राच्या पोतात मिसळून गेला. आज पहिला फलक समोर ठेवला तर पाच चित्रे मऊ, कुठे थोडी हललेली दिसतात. त्यांतली दोन हॅम्बुर्गच्या किंडरमनची आहेत, उरलेली रेलँडरचीच. पहिले मात्र धारदार आहे. ते इतके स्पष्ट कसे, हा प्रश्न खरे तर 1872 मध्येच पडायला हवा होता.

स्पष्टपणाने त्याला बाजारही मिळवून दिला. स्टुडिओतून त्याच्या प्रती हजारोंनी खपल्या. 1870 मध्ये एडवर्ड जेंकिन्सची एक उपरोधिक कादंबरी गाजली होती. तिच्यात जिंक्स नावाच्या गरीब लंडनकराच्या तेराव्या मुलावरून धर्मपंथ आणि राजकारणी भांडत बसतात आणि मुलाकडे कुणीच बघत नाही. लोकांनी रेलँडरच्या रडणाऱ्या पोराला त्याच कादंबरीचे नाव दिले, ‘जिंक्सचे बाळ’. अभ्यासासाठी काढलेले चित्र दिवाणखान्यात जाऊन बसले. या यशाने रेलँडरची घडी काही बसली नाही. 1875 मध्ये तो हलाखीत वारला.

काय मोडते आणि काय टिकते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चित्र रेखाटनावरून आले म्हणून डार्विनचे म्हणणे कोसळते का? मला तसे वाटत नाही. अश्रू कधी ओघळले याच्या नोंदी चित्रावर अवलंबून नाहीत. स्नायूंचे वर्णन इतर पाच चित्रांत, कमी स्पष्ट असले तरी, दिसते. आणि रेखाटनाच्या तळाशी खरेखुरे मूल आणि खरीखुरी काच आहे, ते हवेतून काढलेले नाही. पहिल्या चित्राने पुरावा फारसा वाढवला नाही. त्याने वाचकाला पटवले.

पण पटवणे आणि दाखवणे यांत फरक आहे. खडू हातात धरलेल्या माणसाला प्रत्येक रेषेपाशी निर्णय घ्यावा लागतो. ओठाची कड कुठे संपते, कपाळावरची आठी किती खोल, पापणीखालची सावली ठेवायची की पुसायची, हे सगळे तो ठरवतो. काचेवर जे धूसर होते ते तो स्वतःच्या समजुतीने भरतो. रडताना तोंड चौकोनी होते हेच जेव्हा सिद्ध करायचे असते, तेव्हा तोंडाची कड कुणी काढली हा प्रश्न किरकोळ उरत नाही.

याच पुस्तकातले दुसरे उदाहरण शेजारी ठेवण्यासारखे आहे. फ्रान्सच्या ड्युशेनने 1862 मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. त्यांतली काही डार्विनने लाकडी कोरीवकामातून छापली आणि भीतीच्या चित्रांत चेहऱ्याला लावलेली विजेची उपकरणे गाळून टाकली. तो बदल लहान नाही. तरी तिथे वाचकाला समोर कोरीवकाम दिसते आणि ते छायाचित्रावरून केलेले आहे हेही सांगितलेले आहे, म्हणजे हाताने बनवलेली वस्तू आपण पाहतो आहोत ही सावधगिरी त्याला बाळगता येते. हेलिओटाइपच्या फलकात ती सोय नाही. तिथे वाचक कॅमेऱ्याच्या साक्षीवर विसंबून पाहतो, आणि तळटीप त्याचा तो विसंबा आणखी घट्ट करते. माझा आक्षेप खडूला नाही, रेलँडरच्या हाताला तर मुळीच नाही. मुलाला इजा न करता, त्याला न बांधता, रडण्याचा ऐन क्षण त्याने ओल्या काचेवर धरला हे मोठेच काम आहे, आणि ते लहान, मूळ छायाचित्रात आहे. आक्षेप आहे तो रेखाटनाची पायरी न सांगण्याला. एका वाक्याने काम भागले असते.

रेलँडरला स्वतःला या प्रश्नाची जाण होती असे मला वाटते, कारण त्याने डार्विनला आणखी एक चीज पाठवली. त्याने या मुलाची नक्कल करत स्वतःची छायाचित्रे घेतली, एकात जोरजोरात हसताना, दुसऱ्यात रडताना, आणि दोन्ही चेहरे किती सारखे आहेत पाहा, अशा अर्थाचा मजकूर सोबत लिहिला. ही छायाचित्रे डार्विनच्या कागदपत्रांत आहेत. डार्विनही पुस्तकात म्हणतो की हसून हसून ज्याच्या डोळ्यांत पाणी आले आहे त्याचा चेहरा आणि मनापासून रडलेल्या माणसाचा चेहरा यांत फरक दाखवणे जवळपास अशक्य आहे. म्हणजे सर्वात स्पष्ट छायाचित्रसुद्धा आत काय चालले आहे ते एकट्याने सांगू शकत नाही. मूल रडत होते हे आपण मानतो, कारण चित्राखालच्या ओळीने तसे सांगितले आहे.

म्हणून ती ओळ नीट लिहिली जाणे गरजेचे आहे. संग्रहालयांत आणि पुस्तकांत हे चित्र अजूनही पुष्कळदा नुसते ‘रेलँडर, छायाचित्र’ एवढ्यावर सोडलेले दिसते. त्याखाली मला असे काही वाचायला आवडेल: ‘रडणारे मूल. ऑस्कर रेलँडर, लंडन, 1871-72. ओल्या कलोडियनच्या काचेवर घेतलेले लहान छायाचित्र, त्यावरून केलेले खडूचे रेखाटन, रेखाटनाचे छायाचित्र, हेलिओटाइप छपाई.’